विरोधी पक्षनेता आणि विरोधी पक्षाचा नेता

एखाद्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष नाशिकला यायचे असले की सीबीएसपासून शालिमारपर्यंत फ्लेक्स लागतात. तो पक्ष विरोधात असला, तर त्यातल्या एखाद्यावर तरी त्यांच्या नावापुढे ‘विरोधी पक्षनेते’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतंच. पत्रकारसुद्धा हीच चूक करतात, त्याचा मला जास्त राग येतो.

प्रदेशाध्यक्ष म्हणजे काय, हे सांगायला नको. पक्ष नेमतो, पक्षच काढतो, आमदारकीची अट नाही.

विरोधी पक्षनेता हे सभागृहातलं पद आहे. पक्षाने नाव दिलं तरी मान्यता विधानसभेत अध्यक्षांची आणि विधान परिषदेत सभापतींची लागते. त्यासाठी १९७८चा स्वतंत्र कायदा आहे आणि दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा. विरोधात पाच पक्ष असले तरी एका सभागृहात विरोधी पक्षनेता एकच.

लोक चुकतात ते पुढेच. हे पद कुठल्या पक्षाच्या मालकीचं नसतं, ते आमदारांच्या संख्येमागे जातं. २०२२ मध्ये अजित पवार विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते जयंत पाटील. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले. तिघेही विरोधकांचे नेते, पण विरोधी पक्षनेते फक्त अजित पवार. २ जुलै २०२३ला त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, राष्ट्रवादी फुटली आणि विरोधी बाकांवर काँग्रेस सर्वात मोठी ठरली. पद काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांकडे गेलं. जयंत पाटील मात्र शरद पवारांच्या बाजूला प्रदेशाध्यक्ष म्हणून कायम राहिले, कारण ते पद सभागृहाचं नव्हतंच.

२०२४च्या निकालानंतर विधानसभेत ही खुर्ची रिकामी राहिली. या पदासाठी सभागृहाचा दहावा हिस्सा तरी आमदार हवेत, असं मानलं जातं. २८८चा दहावा हिस्सा म्हणजे २९ आमदार, आणि विरोधकांतल्या सर्वात मोठ्या ठाकरे गटाकडे २०. पण दहाव्या हिश्श्याची अट त्या १९७८च्या कायद्यात लिहिलेलीच नाही. कायदा फक्त सर्वात मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच म्हणतो. माझ्या मते सर्वात मोठ्या विरोधी पक्षाला हे पद मिळायलाच हवं, आमदार कितीही कमी असोत.

राज ठाकरेंनाही कुणी विरोधी पक्षनेते म्हणतं. २००९ मध्ये नाशिक शहराने त्यांना ३ आमदार दिले, पण ते स्वतः कधी निवडणूकच लढले नाहीत.

येवल्याच्या छगन भुजबळांनी मात्र दोन्ही पदं सांभाळली आहेत. युती सरकारच्या काळात ते विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते आणि १९९९ मध्ये राष्ट्रवादीचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले.