डिस्चार्ज कार्डावरचे दोन शब्द

बाळंतपणात बाळाला इजा झाल्याची तक्रार ग्राहक आयोगात जाते, तेव्हा घरच्यांच्या हातात बहुधा डिस्चार्ज कार्डाशिवाय काही नसतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’, म्हणजे जन्मवेळी बाळ गुदमरणं. घरात त्याचा अर्थ आधीच लागलेला असतो: बाळ लगेच रडलं नाही, म्हणून काचेत ठेवलं. वर्ष उलटतं, बाळ मान धरत नाही, बसत नाही, आणि मग त्या दोन शब्दांनाच पुरावा समजून वकिलाकडे धाव घेतली जाते.

अशी इजा बाळंतपणातच झाली का, हा वाद जुनाच आहे. 1861 मध्ये लंडनच्या एका शल्यचिकित्सकाने अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठरलेले हातपाय यांचा संबंध जोडला. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या एका चेतातज्ज्ञाने (मनोविश्लेषणामुळे पुढे गाजला तोच) उलट शंका काढली: बाळात आधीच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण त्यामुळेच अडलं असेल, तर? ती शंका कित्येक दशकं बाजूला पडली. 1980 च्या दशकातल्या परदेशी अभ्यासांनी ती पुन्हा वर काढली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या सुमारे दहातल्या एकाच मुलाच्या बाबतीत जन्मवेळच्या गुदमरण्याकडे बोट दाखवता येतं, असा त्यांचा सूर होता. बचाव पक्षाचे वकील आजही हा आकडा पुढे करतात. जिथे कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकले जातात, तिथला तो आकडा आहे. आपल्या तालुक्याच्या लेबर रूमला तो जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

पण खरा गुंता आहे तो शब्दातच. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळाला गुण द्यायची पद्धत आणली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन. कोणत्या बाळाला आत्ता, या क्षणी मदत हवी, एवढंच त्यातून ठरवायचं होतं. पुढे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने त्याच गुणांवर निदान बसवलं: पहिल्या मिनिटाला 0 ते 3 गुण म्हणजे तीव्र अ‍ॅस्फिक्सिया, 4 ते 7 म्हणजे सौम्य किंवा मध्यम. त्यामुळे पहिल्या मिनिटाला सहा आणि पाचव्याला नऊ गुण मिळवून तिसऱ्या दिवशी धडधाकट घरी गेलेल्या बाळाच्या कार्डावरही तेच शब्द येऊ शकतात आणि आठवडाभर झटके येत राहिलेल्या बाळाच्याही. 1999 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने निकष कडक केले. त्यांना नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, ऑक्सिजन कमी पडला की ते उतरतं) 7 च्या खाली हवा आणि मेंदूला त्रास झाल्याची लक्षणं सुरुवातीच्या दिवसांतच दिसायला हवीत. निकष चांगले आहेत, पण नाळेचं रक्त तपासतं कोण? तपासणीच नसेल तर कुटुंबाला दोष दाखवता येत नाही आणि निर्दोष डॉक्टरला आपली बाजू मांडता येत नाही. कार्डावरचे दोन शब्द दोघांनाही पुरत नाहीत.

मग पुरावा म्हणून उरतो पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू झाल्यावर बाळंतपण कसं पुढे सरकलं त्याचा आलेख. 1954 मध्ये अमेरिकेत गर्भाशयाचं तोंड उघडण्याचा वेग कागदावर मांडला गेला. 1972 मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात त्यावर इशारा आणि कृती अशा दोन रेषा आल्या, चार तासांच्या अंतराने. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीला ‘आता पुढे पाठवा’ हे कळावं, हा हेतू. आपल्याकडे 2005 पासून दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला अनुदान मिळू लागलं आणि संस्थेतली बाळंतपणं 2005-06 च्या 38.7 टक्क्यांवरून 2019-21 पर्यंत 88.6 टक्क्यांवर गेली. आलेख भरला का, हे त्या अनुदानाने कधी विचारलं नाही. लेबर रूमच्या दर्जासाठी स्वतंत्र कार्यक्रम यायला 2017 उजाडलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे दवाखाने वगळले. 2005 च्या निकालाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली. 2019 च्या नव्या कायद्यातल्या सेवेच्या व्याख्येत ‘आरोग्यसेवा’ हा शब्द आला नाही म्हणून डॉक्टर सुटले, अशी आवई उठली. ती आधी मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि नंतर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भरपाईचा सर्वांत बोलका निकाल 2015 चा. तमिळनाडूच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या मुलीचे डोळे तपासले गेले नाहीत, तपासून घ्या असं आईवडिलांना सांगितलंही गेलं नाही, आणि तिची दृष्टी गेली. भरपाई सुमारे 1.8 कोटी रुपये.

कागद मागण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केला होता. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने मुदती घातल्या: मागितल्यावर 72 तासांत केसपेपर द्यायचे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षं मिळतात. दिवाणी दाव्यात अल्पवयीन मुलाची मुदत मात्र ते अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबून राहते आणि त्यानंतर आणखी तीन वर्षंही मिळू शकतात. म्हणजे मुलाचा दावा त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत जिवंत राहू शकतो, आणि त्याच्या जन्मरात्रीचा आलेख ते तीन वर्षांचं झाल्यावर रद्दीत घालायला आचारसंहितेची हरकत नसते.