फोनमुळे घरपण मोडतं का? शंभर वर्षं जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१९२६ साली अमेरिकेतल्या ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक संघटनेने आपल्या सभासदांना चर्चेसाठी काही प्रश्न दिले होते. टेलिफोनमुळे माणसं जास्त उद्योगी होतात की आळशी? टेलिफोनमुळे घरपण मोडतं का? मित्रांच्या घरी जाण्याची जुनी रीत त्यामुळे संपते आहे का? आज कुठल्याही घरात हाच प्रश्न विचारला जातो आणि विचारणाऱ्याला वाटतं की हे संकट आपल्याच पिढीवर कोसळलं आहे.

तेव्हा टेलिफोन पन्नास वर्षांचा झाला होता. बेलला पेटंट मिळालं ते मार्च १८७६ मध्ये. सुरुवातीची कित्येक वर्षं टेलिफोन कंपन्या हे यंत्र व्यापारी, डॉक्टर आणि घरचं सामान मागवणारे लोक यांच्यासाठी विकत होत्या. फोनवर नुसत्या गप्पा मारणं म्हणजे यंत्राचा गैरवापर, असा त्यांचा समज होता आणि विशेषतः बायकांच्या गप्पांबद्दल त्यांची तक्रार असे. ‘आपल्या माणसांशी बोला’ हा सूर त्यांच्या जाहिरातींत ठळकपणे आला तो १९२०च्या दशकापासून. म्हणजे टेलिफोनला नाती जपण्याचं साधन बनवलं ते वापरणाऱ्यांनी. कंपन्या मागून आल्या.

क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञाने १९४०पर्यंतच्या अमेरिकेतला टेलिफोनचा सारा इतिहास धुंडाळला. त्याचं म्हणणं असं, की फोनने लोकांचं जगणं मुळापासून बदललं नाही. आधीपासून असलेली नाती, त्यातही जवळपासचीच, लोकांनी फोनवरून आणखी घट्ट केली. या निष्कर्षावरून बरेच जण स्वतःची समजूत घालून घेतात : प्रत्येक नव्या यंत्राला माणूस घाबरतो, मग रुळतो, आताही तसंच होईल. मला ही समजूत अपुरी वाटते. त्या वेळचा फोन आणि आजचा फोन यांत नावाखेरीज फारसं काही सारखं उरलेलं नाही.

तो फोन घराचा होता. घंटा वाजली की सगळ्यांना ऐकू येई. कोणीही उचले, ‘कोण बोलतंय?’ विचारी आणि मग ज्याचा फोन त्याला हाक मारी. मुलीला कोणाचे फोन येतात हे आईला ठाऊक असे. धाकट्याने उचलला तर दोन शब्द त्याच्याशीही बोलले जात. ग्रामीण भागात तर एकाच तारेवर अनेक घरं जोडलेली असत आणि शेजारी गुपचूप कान लावून ऐकत. खासगीपणाच्या दृष्टीने हे वाईटच, पण एकाचं बोलणं सगळ्या घराच्या कानावर असे. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचा अभियंता मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला. ते उपकरण घरोघरी पोहोचायला पुढे कित्येक वर्षं लागली, पण फोन त्या दिवशी घराचा राहिला नाही, माणसाचा झाला. बॅरी वेलमन या अभ्यासकाने हा बदल नेमका टिपला : आधी एक जागा दुसऱ्या जागेशी बोलायची, आता एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतो. घर मधून वगळलं गेलं.

माणसं एकमेकांना दुरावत आहेत ही खंत तर टेलिफोन घरोघरी पोहोचण्याच्याही आधीची. गावातला जिव्हाळा आणि शहरातले कामापुरते संबंध यांतला फरक जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनीसने १८८७ मध्येच मांडला होता. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला. टीव्हीच्या जाहिरातींत सगळं कुटुंब एका खोलीत जमलेलं दिसे. नंतर स्वस्त संच झोपायच्या खोल्यांत गेले आणि ते चित्र विस्कटलं. १९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनमने अमेरिकेतल्या संस्था, मंडळं, शेजार सगळं ओसरत चालल्याचं मांडलं तेव्हा त्याने बोट दाखवलं ते टीव्हीकडे. इंटरनेट तोवर फार थोड्या घरांत होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण फोनच्या माथी मारली जाणारी बरीचशी पडझड त्याच्या आधीच सुरू झालेली होती.

इथे एका छोट्या यंत्राची आठवण येते. जुलै १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की संगीत हळू व्हायचं आणि ऐकणारी दोघं माइकमधून एकमेकांशी बोलू शकायची. माणूस एकटाच कान झाकून बसला तर ते असभ्य दिसेल, ही काळजी बनवणाऱ्यालाच होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं.

इंटरनेटबद्दलचा पहिला मोठा धक्का १९९८चा. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ माणसांना त्यांच्या इंटरनेट-वापराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जवळून पाहिलं होतं. जे जास्त वापरत, त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं घटलं, ओळखीचं वर्तुळ आक्रसलं, एकटेपणा आणि उदासी किंचित वाढली. संवादासाठीच जास्त वापरलं जाणारं साधन माणसाला एकटं करतं, हा विरोधाभास जगभर गाजला. पण त्याच गटाने त्यांतल्या बऱ्याच लोकांना पुढे पुन्हा गाठलं आणि २००२ मध्ये प्रामाणिकपणे सांगितलं की ते दुष्परिणाम बहुतांशी विरले आहेत. नव्या गटात तर परिणाम एकंदरीत चांगलेच दिसले. मात्र ते सगळ्यांना सारखे मिळाले नव्हते. जे मुळातच बोलके आणि गोतावळ्यातले होते त्यांचं भलं झालं, जे बुजरे होते त्यांचं उलट थोडं बिघडलंच.

असं का झालं असावं? मला पटणारं कारण साधं आहे. १९९५-९६ मध्ये आपली माणसं इंटरनेटवर नव्हतीच. तिथे जाणं म्हणजे घरच्यांना सोडून अनोळख्यांत जाणं. काही वर्षांत आत्या, मामा, जुने वर्गमित्र सगळेच तिथे आले आणि तीच जागा आपल्या माणसांची झाली. टोरोंटोजवळच्या एका नव्या वसाहतीत कीथ हॅम्प्टन आणि वेलमन यांना याच सुमारास उलटंच चित्र दिसलं. ज्या घरांत वेगवान इंटरनेट होतं, त्या घरांतल्या लोकांना इतरांपेक्षा सुमारे तिप्पट शेजारी नावाने माहीत होते, कारण वसाहतीची सामायिक ई-मेल यादी होती आणि त्यावर एकमेकांना विचारणं सोपं होतं.

दूर राहणाऱ्या कुटुंबांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहतो. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो आया आणि मायदेशी राहिलेली त्यांची मुलं, दोघांशीही बोलून अभ्यास केला. एके काळी या बायका पत्रावर आणि कॅसेटमध्ये भरलेल्या आवाजावर दिवस काढत. स्वस्त कॉल आणि व्हिडिओ आल्यावर आपण पुन्हा आई झालो, असं त्यांना वाटलं. मुलांचं मत मात्र इतकं एकमुखी नव्हतं. ज्यांचं आईशी आधीपासून जुळलेलं होतं त्यांना रोजचा कॉल हवासा वाटे, बाकीच्यांना त्यात पाळत दिसे. एकाच तारेच्या दोन टोकांना दोन अनुभव. ही गोष्ट मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत बोलकी वाटते. बहिऱ्या लोकांचाही अनुभव असाच विसरला जातो. साध्या टेलिफोनने त्यांना दशकानुदशकं बाहेर ठेवलं आणि १९९२ मध्ये पहिला गेलेला एसएमएस पुढे त्यांच्यासाठी दार उघडून गेला.

खरी फाटाफूट नंतरची आहे. टेलिफोन कंपनीचं उत्पन्न दोन माणसांच्या बोलण्यातून यायचं. बोलणं संपलं की यंत्र गप्प. स्मार्टफोन २००७पासून पसरू लागला आणि त्याच सुमारास त्यावरच्या सेवांची कमाई जाहिरातींवर, म्हणजे पडद्याला खिळलेल्या वेळावर उभी राहिली. खाली सरकवत गेलं तरी कधीच न संपणारं पान २००६ मध्ये घडवलं गेलं, ‘लाइक’चं बटण फेसबुकवर २००९ मध्ये आलं. माहिती वाढली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनने १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं. तो दुष्काळ पाडण्यावरच कोणाचा तरी धंदा चालेल, ही पुढची पायरी आपल्या वाट्याला आली. १९२६च्या प्रश्नाला आज जसंच्या तसं उत्तर देता येत नाही ते यामुळे.

आणि घरात नेमकं काय बदललं, हे एका ब्रिटिश अभ्यासात दिसतं. किलियन मलन आणि स्टेला खाझिथिओहारी यांनी लोकांनी दिवसभराचा वेळ कसा घालवला हे टिपलेल्या २००० आणि २०१५ सालच्या रोजनिश्या ताडून पाहिल्या. आईवडील आणि मुलं दिवसाकाठी घरात एकत्र असण्याचा वेळ घटला नव्हता, तो ३४७ मिनिटांवरून ३७९वर गेला होता. वाढला होता तो एका छताखाली, पण आपापल्या कामात घालवलेला वेळ : ९५ मिनिटांवरून १३६. सगळे घरी आहेत आणि कोणी कोणाजवळ नाही. १९२६च्या सभासदांना भीती होती की माणसं भेटायचीच थांबतील. भेटलेली माणसंच एकमेकांकडे बघणार नाहीत, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

समोरच्याला सोडून फोनकडे बघण्याला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘फबिंग’ हा शब्द घडवला गेला, म्हणजे ही सवय शब्द लागण्याइतकी रूढ झाली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३००हून अधिक लोकांना जवळच्यांबरोबर जेवायला बसवलं. काहींचे फोन टेबलावर, काहींचे बाजूला ठेवलेले. टेबलावर फोन असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणातला आनंद थोडा कमी झाला. थोडाच, पण जेवण रोजचं असतं.

किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यावरचा वाद वेगळाच चालू आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासून मांडलं, की त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता येतो. जीन ट्वेंगी आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. २०१२च्या आसपास मुलांमधली उदासी वाढू लागली आणि स्मार्टफोन हेच त्याचं मोठं कारण, असं ते म्हणतात. मला या भांडणात एक उणीव जाणवते : सरासरी आकड्यात बुजरं मूल आणि बोलकं मूल एकमेकांना झाकून टाकतात, आणि हाच धडा २००२ मध्ये क्राउटच्या गटाकडून मिळाला होता.

सरकारं मात्र वाट बघत बसलेली नाहीत. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, त्याच वर्षी फ्रान्सने शाळांत मोबाइलवर बंदी घातली. सोळा वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येणार नाही, असा ऑस्ट्रेलियाचा कायदा डिसेंबर २०२५पासून लागू झाला. यांतले फोनवरचे निर्बंध मुलांसाठी आहेत. पण २०१४ मध्ये जेनी रडेस्की आणि सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातल्या उपाहारगृहांत मुलांना घेऊन जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं निरीक्षण केलं तेव्हा त्यांतल्या ४० जणांनी जेवताना फोन किंवा तसंच एखादं उपकरण वापरलं. काही जण त्यात इतके गढलेले होते, की मुलं त्यांचं लक्ष वेधण्यासाठी दंगा करू लागली आणि मग ओरडा खाऊ लागली.