फलकावरची 'अ' श्रेणी कुणी दिली?

"त्या शाळेला सरकारनं अ श्रेणी दिलीय." प्रवेशाच्या दिवसांत कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य येतंच, आणि दर वेळी माझं डोकं उठतं. सरकारनं दिलीय की शाळेनं स्वतःच घेतलीय, हे कुणीच विचारत नाही.

मान्यतेचं तुम्हाला ठाऊक आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८नुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. तो कागद बघा आणि पुढे चला. यूडायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीकोशातला शाळेचा क्रमांक, ही नुसती नोंद. पुणे जिल्ह्यात २७२५नं सुरू होणारे ते ११ आकडे फ्लेक्सवर छापून 'शासनमान्य' म्हणून मिरवणाऱ्यांचा मला राग येतो, पण असो.

खरी गल्लत होते ती स्वयंमूल्यमापन आणि बाह्य मूल्यमापनात. ही श्रेणी येते ती शाळा सिद्धीतून, म्हणजे शाळांचा दर्जा मोजायच्या देशपातळीवरच्या सरकारी कार्यक्रमातून. तो २०१५मध्ये सुरू झाला. त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं असतात, आणि प्रत्येक मानकाला १ ते ३ पैकी एक स्तर द्यायचा असतो. दोन्ही मूल्यमापनांत मानकं तीच, स्तर तेच. म्हणूनच अहवाल वरवर सारखे दिसतात. फरक एवढाच की पहिल्यात मुख्याध्यापक आणि शिक्षक आपल्याच शाळेला स्तर देतात, तर दुसऱ्यात बाहेरचे निर्धारक शाळेत येऊन, दप्तर उघडून तेच पडताळतात. पेपर आपण लिहिला, आपणच तपासला आणि आपल्याच दारावर निकाल लावला, तर त्याला बोर्डाचा निकाल म्हणाल का?

मागे एका शाळेच्या ऑफिसात मी अहवाल मागून वाचला. ग्रंथालयाला स्तर ३. पहिल्या क्षेत्रात, म्हणजे इमारत, पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय वगैरेंत, वस्तू आहे का आणि पुरेशी आहे का हे एकीकडे आणि ती चांगली व वापरण्याजोगी आहे का हे दुसरीकडे, असे दोन वेगळे स्तर द्यायचे असतात. इथं दोन्हीकडे ३. पुस्तकं होती खरी, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क रजेवर! बाहेरच्या निर्धारकानं आधी देवघेव रजिस्टर मागितलं असतं.

म्हणून अहवाल हातात आला की बाह्य मूल्यमापनाचा रकाना भरलाय का आणि कोणत्या वर्षी भरलाय, एवढं आधी बघा. कोरा असेल तर ती श्रेणी घरचीच. राज्यात आता एसक्यूएएएफ, म्हणजे शाळांचा दर्जा तपासायचा नवा आराखडा आलाय, कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून. त्यातही शाळा आधी स्वतःची माहिती स्वतःच भरते.

स्वयंमूल्यमापन म्हणजे थाप, असं मात्र नाही. आपलं कुठं कमी पडतंय ते हेरून सुधारणेचा आराखडा करायचा, यासाठीच ते असतं. मला तर स्वतःला दोन-चार ठिकाणी १ देणारी शाळा जास्त विश्वासाची वाटते. सगळीकडे ३ दिसले की मी शेरेबुक, म्हणजे तपासणीला आलेले साहेब शेरे लिहितात ती वही, मागतो. त्या कुलूपबंद कपाटाच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी ते कुरकुर न करता पुढे केलं. शेवटचा शेरा निळ्या शाईत होता, खाली साहेबांची सही: "ग्रंथालयाचा वापर वाढवावा."