वेढे किती मारायचे?

जळकी मोटार भरायला नेली की मोटारवाला आधी जुनी कॉईल कापतो, वेढे मोजतो, तारेचा गेज (जाडीचा नंबर) बघतो आणि तेवढंच पुन्हा भरतो. घरगुती पवनचक्कीचं जनित्र करायचं, तर मोजायला जुनी कॉईलच नसते. मी चुंबकं घेऊन गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, "वेढे किती?" आणि उत्तराची वाट न बघता सल्लाही दिला, "मारा भरपूर. जास्त वेढे, जास्त वीज."

हा समज सगळीकडे आहे. तो अर्धाच खरा आहे.

कॉईलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. गाडीचा अल्टरनेटर मिनिटाला हजारांनी फिरतो, त्याचं भागतं. आपली पाती वाऱ्यावर जेमतेम दीडशे-दोनशे फेरे घेणार. गिअर लावला तर तो घासतो, तेल मागतो. मग एकाच फेऱ्यात जास्त चुंबकं कॉईलसमोरून नेणं हा सरळ उपाय. स्कॉटलंडच्या स्कोरेग या रस्ता नसलेल्या द्वीपकल्पावर राहणाऱ्या ह्यू पिगट यांनी हा आराखडा जगभर नेला: समोरासमोर दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबकं, आणि मधल्या फटीत रेझिनमध्ये बसवलेल्या ९ कॉईल. कॉईलमध्ये लोखंड नसल्यामुळे चकती अडखळत नाही, मंद वाऱ्यातही सुटते.

आता हिशेब. माझं चुंबक ४६ बाय ३० मिलिमीटरचं, फटीतलं चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.६ टेस्ला. त्याला चुंबकाच्या क्षेत्रफळाने गुणलं की एका चुंबकाचा चुंबकीय प्रवाह साधारण ०.०००८३ वेबर. मिनिटाला १५० फेरे म्हणजे सेकंदाला अडीच. तेवढ्यात ३० चुंबकं कॉईलवरून सरकतात, आणि दर वेळी उत्तरेचं दक्षिण होतं म्हणून बदल दुप्पट. एका वेढ्याला सरासरी ०.०५ व्होल्ट मिळतो. ३६ वेढ्यांना १.८, मीटरवर तो २ च्या आसपास दिसतो. ९ कॉईलचे तीन गट, म्हणजे तीन फेज. एका फेजच्या तीन कॉईल ओळीने जोडल्या की ६ व्होल्ट. तिन्ही फेज स्टारमध्ये (प्रत्येकीचं एक टोक एकत्र) जोडून डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून, नेले की शिखराला १३ च्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी इथून चार्ज व्हायला लागते.

मग ७२ वेढे मारले तर? व्होल्टेज दुप्पट, हे खरं. पण कॉईलला जागा तेवढीच, म्हणून तार निम्म्या छेदाची घ्यावी लागते आणि लांबी दुप्पट होते. रोध (तारेचा विजेला होणारा अडथळा) चौपट! २४ व्होल्टच्या बॅटरीला तेवढ्याच शक्तीसाठी करंट निम्मा लागतो, त्यामुळे तारेत वाया जाणारी उष्णता होती तेवढीच राहते. थोडक्यात, वेढ्यांनी बॅटरी किती व्होल्टची आणि किती फेऱ्यांना चार्जिंग सुरू होणार, एवढंच ठरतं. वीज किती निघेल हे चुंबकं आणि त्या जागेत कोंबलेलं तांबं ठरवतं.

कोंबणं मात्र हाताचं कसब. गोल तारा अगदी ओळीत रचल्या तरी जागेचा ७८ टक्केच भाग भरतो. हाताने गुंडाळताना मला ५५ च्या पुढे जाता आलं नाही. एक जाड तार घ्यावी असं वाटतं, पण ती कोपऱ्यावर वळत नाही, शिवाय चुंबक समोरून जाताना जाड तारेच्या अंगातच भोवरा-प्रवाह फिरून ती तापते. म्हणून १६ गेजच्या दोन तारा जोडीने. प्लायचा फर्मा, मध्ये चुंबकाच्या मापाचा ठोकळा, बाजूला हँडल. ताण सतत हवा. सैल पडली की कॉईल फुगते आणि फटीत मावत नाही. तारेवरचं इनॅमल (वीज अडवणारा लेप) खरवडलं तर शेजारचे दोन वेढे एकमेकांना चिकटतात, आणि तो बंद वेढा स्वतःच भट्टी होतो.

रेझिन ओतण्याआधी कॉईल प्लायवर चिकटवून सगळं लेथवर १५० ने फिरवलं. दोन फेजवर ६ व्होल्ट. तिसऱ्यावर २. तारा तपासल्या, सोल्डरचे डाग तपासले, सगळं ठीक. मोटारवाल्याने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "एक उलटी पडलीय." खरंच, सातव्या नंबरची कॉईल मी पालथी ठेवली होती: दोन अधिक दोन वजा दोन.