कण्याकडे जाणारी आडवाट

1940 साली ऑस्कर बॅटसन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहाच्या शिश्नावरच्या शिरेत एक्स-रेमध्ये दिसणारा द्रव सोडला. तो कमरेच्या हाडांत आणि मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात पोचलेला दिसला. या जाळ्यातल्या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त उलटंही वाहू शकतं. मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग इतक्या वेळा कण्यात का सापडतो, याचं उत्तर बॅटसनला या जाळ्यात दिसलं.

प्रयोगातली शीर शिश्नाची होती. तरी शिश्नाचा कर्करोग मात्र हाडांत क्वचितच जातो. मला हे कोडं फार विलक्षण वाटतं.

हा कर्करोग बहुतेक वेळा शिश्नाच्या टोकावरच्या किंवा पुढच्या कातडीच्या पेशींतून उगवतो. त्याची नेहमीची वाट लसिकावाहिन्यांची, म्हणजे शरीरातला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची: आधी जांघेतल्या लसिकागाठी, मग ओटीपोटातल्या, आणि त्यापुढे फुप्फुस, यकृत, हाडं. ही वाट इतकी ठरलेली आहे, की पॅराग्वेचे रामोन कबान्यास यांनी 1977 मध्ये याच आजारात ‘पहारेकरी गाठ’, म्हणजे रोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती लसिकागाठ, तपासण्याची कल्पना मांडली. आज स्तनाच्या कर्करोगात सर्रास होणाऱ्या तपासणीचं मूळ तिथे आहे. जांघेतला हा थांबा म्हणजे उपचारांना मिळालेली मोठी संधी. पण जागाच अशी, की माणूस लाजेने गप्प बसतो. कातडी मागे सरत नसेल तर मूळ जखम झाकलेली राहते, आणि जांघेतली गाठ ‘अवधाण आलं असेल’ म्हणून अंगावर काढली जाते.

वाट मोकळी असणं पुरेसं नसतं, हेही खरं. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच लिहिलं होतं, की कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या असतात, मानवेल त्याच मातीत रुजतात. प्रोस्टेटच्या पेशींना हाडाची माती मानवते. तिथे त्या वेडंवाकडं, जास्तीचं हाड तयार करवतात. शिश्नाच्या कर्करोगाच्या पेशी हाडात रुजल्याच, तर बहुधा हाड पोखरतात. पोखरलेला मणका दबतो, मोडतो. काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं. मग सारखी तहान, बद्धकोष्ठता, गुंगी.

मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबू लागली, तर मात्र ती तातडीची अवस्था. आडवं झाल्यावर किंवा रात्री वाढणारी पाठदुखी, पायांत बधिरपणा, चालताना गुडघे लटपटणं, लघवी अडणं. हा कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला यातलं काही जाणवलं, तर ‘वयाची पाठदुखी’ म्हणून मलम चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एमआरआयमध्ये दाब दिसला की सूज उतरवायला स्टेरॉइड देतात, पाठोपाठ रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. कण्यापर्यंत पोचलेला हा रोग सहसा मुळापासून जात नाही, पण चालणं वाचवता येतं. उपचार सुरू होताना जो स्वतःच्या पायांनी चालत असतो, तोच पुढेही चालत राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाय पूर्ण लुळे पडल्यावर ती ताकद क्वचितच परत येते.