आधी पाणी बघा, मग पक्षी

वसंत संपत आलाय, कुरणात घोटाभर पाणी साचलंय आणि लोकं पोचल्या पोचल्या बायनॉक्युलर लावून लांब काय दिसतंय ते शोधत बसतात. माझं म्हणणं, आधी पाणी बघा, कुठे किती खोल आहे ते, कारण कोण कुठे उभं राहणार हे त्यावरच ठरतं. शेकाट्या लांब पायांवर बिनधास्त आत जातो, छोटे तुतवार काठाशी पातळ पाण्यात पळापळ करतात, टिटव्या बहुतेक वेळा उंचवट्यावर.

आणि एवढी गर्दी कशाला तर अर्थातच खायला. ऑक्सिजन हवेत पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू पाण्यात पसरतो, मग माती बुडाली की बरीच गांडुळं श्वासासाठी वर येतात आणि ती आयती सापडतात. पण तेच पाणी बरेच आठवडे हललं नाही तर गांडुळं मरतात, त्यामुळे भरलेल्या तळ्यापेक्षा ओसरत्या पाण्याची कड भारी, चिखल मऊ असतो, चोच सहज घुसते.

चोचीवरून पाणलावा आठवला, चिखलात चोच खुपसून खाणारा पक्षी. त्याची चोच ६-७ सेंमी लांब, टोकाला स्पर्श आणि दाब कळतो, आणि पूर्ण चोच चिखलात रुतलेली असताना त्याला फक्त टोक उघडता येतं! म्हणजे अंधाऱ्या पिशवीत हात घालून आपण किल्ली चाचपतो तसंच. डोळे पण डोक्यात इतके मागे की खाली मान घालून खातानाही मागून कोण येतंय ते दिसतं.

गवतात मात्र शिरू नका प्लीज, यातल्या बऱ्याच जणांची अंडी जमिनीवरच असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

अंधार पडायला लागला की थोडं थांबा. वरून बकरी बें बें करतेय असा थरथरता आवाज येतो, तो पाणलाव्याचा, जर्मन आणि फिनिश भाषेत तर या पक्ष्याला चक्क आकाशातली बकरी म्हणतात. पण हा आवाज गळ्यातून येतच नाही, नर पाणलावा उंचावरून तिरका सूर मारतो तेव्हा शेपटीची कडेची दोन पिसं बाहेर काढतो, ती वाऱ्याने फडफडतात त्याचा तो आवाज. एकोणिसाव्या शतकात मेव्ह्स नावाच्या पक्षी अभ्यासकाने ही पिसं काठीला लावून हवेत जोरात फिरवली आणि डिट्टो तोच आवाज काढून दाखवला. त्यामुळे बकरी ऐकू आली की काठावर शोधू नका, मान वर करा.