‘केस मागे घे’ म्हटल्याने केस मागे जात नाही

‘बायकोने पोलीस ठाण्यात लिहून दिलं की मारहाणीची केस मिटते.’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्यापायी माहेरी परतलेल्या बाईवर दोन्हीकडून दबाव येतो. हा समज चुकीचा आहे.

पती किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा नोंदला गेला की खटला चालवतं सरकार; पत्नी त्यात साक्षीदार असते. केंद्रीय कायद्याने हा गुन्हा तडजोडीने मिटण्यासारखा ठरवलेला नाही. खरोखर समेट झाला असेल, तर उच्च न्यायालयात अर्ज करून गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, आणि ती संमती धाकाने घेतलेली नाही ना, हे न्यायालय पाहतं.

अटक मात्र आपोआप होत नाही. अर्णेश कुमार खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची गरज तपासणं पोलिसांना बंधनकारक केलं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज वेगळा, तो अर्जदार बाई मागे घेऊ शकते. पण त्यातला संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.